आठव्या प्रश्नाचं उत्तर

आरोपीनं तोंड उघडायच्या आधीच त्याची उत्तरं टाइप करून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. बुऱ्हाणपूरच्या कोर्टात आम्ही त्यांना बयानबाबू म्हणत असू. सरकारी साक्षीदार संपले की न्यायाधीश आरोपीला एकेक मुद्दा सांगून त्याचं म्हणणं विचारतात. बाबू प्रत्येक प्रश्नाखाली आदल्या दिवशीच 'गलत है' लिहून मोकळे. "सब यही बोलते हैं, वकीलसाहेब. तुम्हीच तर शिकवता," म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

त्यांचा भाचा जर्मनीत. तिथं त्यानं एक खटला पाहिला आणि मामांना फोनवर सांगितला. तेव्हापासून चहाबरोबर तोच विषय. "तिकडे जज आधी आरोपीलाच विचारतो, तुला काही सांगायचंय का? साक्षीदार मागून. आपल्याकडे दोन-दोन साल दुनिया बोलते, मग याला पाच मिनिट."

"आपल्याकडे त्याला गप्प राहायचा हक्क आहे," मी म्हणालो.

"तिकडेही आहे. पण विचारतात आधी."

टायपिस्टनं मला कायदा शिकवावा, याचा मला रागच यायचा.

जसोंडीचा सुखदेव माझा अशील. केळीच्या पाण्यावरून मारामारी झाली होती, एकाचं डोकं फुटलं होतं. सुखदेव तिथं नव्हताच, हा माझा बचाव. आठवा प्रश्न आला: साक्षीदार म्हणतात तू तिथं होतास, तुझं काय म्हणणं? सुखदेव माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हतो ना साहेब. भांडन सोडवाले गेलतो."

मी बाबूंना हातानंच खुणावलं, असू द्या. 'गलत है' तयारच होतं, आणि न्यायाधीशांचं डोकं दुसऱ्या फायलीत होतं. बाबूंनी ते खोडलं आणि उभं राहून म्हणाले, "साहब, जवाब अलग है."

बाहेर येताच मी खेकसलो, "माझी केस बुडवलीत! तो तिथं होता हे मला माहीतच नव्हतं!"

"विचारलं होतं का त्याला?"

नव्हतं विचारलं. पोलिसांचे कागद वाचून बचाव मीच रचला होता आणि त्याच्याकडून पाठ करून घेतला होता.

कोर्टानं त्यातलं 'होतो' तेवढं धरलं. शिक्षा सात वर्षं. अपिलात वाक्य पुरतं वाचलं गेलं आणि सुखदेव सुटला, अकरा महिन्यांनी. निकाल घेऊन मी शनवारा मोहल्ल्यात बाबूंच्या घरी गेलो. तोवर ते निवृत्त झाले होते. वाटलं, खूश होतील.

"मी खोडलं नसतं, तर तो अकरा महिने घरी असता का?" त्यांनी विचारलं.

"कदाचित," मी म्हणालो. खोटं बोलवेना. बाबूंनी निकाल न वाचताच परत दिला.

मागच्या वर्षी ते गेले. तापीच्या राजघाटावर दहाव्याला सुखदेव आला होता, मागे एकटाच बसून होता. बाबूंबद्दल त्याला काय वाटतं ते विचारावं, म्हणून मी जवळ जाऊन बसलो. पाण्याचं, केळीचं बोललो. ते मात्र विचारलं नाही.