पंगत उठल्याशिवाय एप्रन सुटत नाही

गंगापूर धरणाच्या रस्त्याला, द्राक्षांच्या मळ्याला लागून, बिअर बनवायची एक जागा आहे. पाटीवर तिचं नाव इतक्या वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलंय की ते अजून कुणाला वाचता आलेलं नाही. म्हणून नाशिककर तिला सरळ ‘भट्टी’ म्हणतात. आत काचेची भिंत आहे. भिंतीपलीकडे माणसापेक्षा उंच अशी चकचकीत स्टीलची पिंपं, अलीकडे लांबलचक काउंटर, काउंटरवर पितळी नळ आणि नळांच्या मागे ललिताबाई.

नवा माणूस इथे दचकतो. बिअरच्या नळामागे दाढीवाला, हातावर गोंदवलेला कुणी तरुण असेल अशा तयारीने तो आलेला असतो. दिसतात त्या सुती साडीवर काळा एप्रन बांधलेल्या, रुपयाएवढं कुंकू लावलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई. चेहऱ्यावर ‘हात धुतलेत का?’ असा भाव. माझ्या माहितीतले एक गृहस्थ बाईंना बघून नमस्कार करून बाहेर पडले होते. त्यांना वाटलं, आपण चुकून कुणाच्या घरात शिरलो.

ललिताबाई राहतात पंचवटीत. तिथे त्यांची खानावळ होती. शिकायला आलेली पोरं, यात्रेकरू, देवळांत पूजा सांगणारे भटजी, सगळे त्यांच्या पाटावर जेवून गेले. पुढे पोरं मोबाइलवरून जेवण मागवायला लागली आणि खानावळ बसली. त्यांच्याच हातची भाकरी खाऊन शिकलेली एक मुलगी, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षवाल्यांची तृप्ती, तोवर परदेशात बिअर बनवायला शिकून आली होती. तिने भट्टी काढली आणि बाईंना स्वयंपाकघरात नेलं. एक दिवस काउंटरवरचा मुलगा आला नाही. बाई म्हणाल्या, “मी उभी राहते. वाढायचंच आहे ना?” तो मुलगा नंतर आला, पण त्याला जागा परत मिळाली नाही. ती बाईंनी घेतली ती घेतलीच.

पंचवटीत अर्थातच कुजबुज झाली. गल्लीतल्या नवसाबाईंनी भाजीबाजारात, मेथीच्या जुडीआडून विचारलं, “का गं, देवाच्या दारात राहायचं अन् हे असलं वाढायचं?”

बाई म्हणाल्या, “देवाच्या दारात इतकी वर्षं जेवण वाढलं. तेव्हा एकदा तरी विचारलंस का, ललिता, तू जेवलीस का?”

नवसाबाईंनी मेथी न घेताच बाजार सोडला.

खरी मजा आहे ती बाईंच्या वाढण्याची. त्यांनी भट्टीतही पंगतच चालवली. आलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा तांब्या. मग स्टीलच्या छोट्या वाटीत चव, कारण चव न देता ग्लास भरून देणं म्हणजे आंधळ्याला मुलगी दाखवणं, असं त्यांचं मत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐटीत सर्वांत काळी, सर्वांत कडू बिअर मागितली होती. वाटी तोंडाला लावली. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“ही तुमची नाही,” त्या म्हणाल्या. “गव्हाची घ्या.”

“नाही नाही, छान आहे,” मी म्हणालो.

“अहो, तोंड बघा तुमचं. काढा पाजलेल्या पोरासारखं झालंय.”

तेव्हापासून मी गव्हाची घेतो. देवळा गावचे पुंजाराम हे कांद्याचे व्यापारी. त्यांनी वाटीत डोकावून विचारलं होतं, “हाई काय शे?” नागलीची, म्हणजे नाचणीची, बिअर आहे म्हटल्यावर ते इतके हसले की वाटी सांडली. “नागलीची भाकर खाऊन वाढलो बाई, आता नागली पिऊन म्हातारा व्हतो,” असं म्हणत ते दर रविवारी दुपारी यायला लागले.

पण दुसरा ग्लास हवा असेल तर ताटात काहीतरी पाहिजे. भाकरी, पिठलं, ठेचा, निदान शेंगदाणे. आणि तिसरा हवा असेल तर गाडीची किल्ली काउंटरवरच्या लोणच्याच्या बरणीत टाकायची. बरणी रिकामी असते, पण तिला लोणच्याचा वास अजून आहे, त्यामुळे कुणाची किल्ली घरी गेली की कुठून आली हे विचारावं लागत नाही.

मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका टोळक्याशी बाईंची यावरून जुंपली. त्यातला एक गॉगल कपाळावर चढवून म्हणाला, “आंटी, कस्टमर राजा असतो, माहितेय ना?”

“माहितेय की,” बाई म्हणाल्या. “राजा गाडी स्वतः हाकत नाही. सारथी आणा, मग मागा.”

राजेसाहेबांनी जाताजाता मोबाइलवर एकच चांदणी देऊन लिहिलं, ‘इथे एक आंटी आहे, ती पिऊ देत नाही.’ भट्टीची इतकी चांगली जाहिरात आजवर कुणी केलेली नाही. पुढच्या आठवड्यात फोन खणखणू लागले आणि सगळे बायकांचे. “टेबल हवंय. मिस्टरांना घेऊन येतेय. त्या आंटी आहेत ना ड्यूटीवर?”

एवढं सुरळीत चाललेलं असताना मनोजराव आले.

मनोज पुण्याहून आलेला मॅनेजर. मुलगा वाईट नाही. हॉटेलातलं शिक्षण घेतलेला, इस्त्रीचा शर्ट, कायम घाईत आणि कायम उपाशी. लोकांना खाऊ घालायच्या धंद्यातली बरीच माणसं अशीच असतात. त्याने आल्याआल्या सगळ्यांना ओळीत उभं करून ग्राहकसेवा शिकवली. हसताना वरचे दात दिसले पाहिजेत. ललिताबाईंना ‘ललिता मॅम’ म्हणायचं. आणि मुख्य नियम त्याने कागदावर छापून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला: ग्लास संपत आला की विचारायचं, ‘सर, अजून एक आणू?’

“संपत आला की?” बाईंनी विचारलं. “म्हणजे त्याला तहान लागायच्या आधीच?”

“मॅम, ह्यालाच सर्व्हिस म्हणतात. गेस्टने मागायच्या आधी आपण ऑफर करायचं. तुमच्याकडे आग्रह करतात ना पंगतीत? तसंच.”

हे मात्र बाईंना झोंबलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “मनोजराव, आग्रह पुरणपोळीचा करावा. जास्त झाली तर माणूस घरी जाऊन झोपतो. ह्याचा आग्रह केला तर माणूस गाडी चालवतो.”

मनोजने वरचे दात दाखवले. त्याला वाटलं, म्हातारं माणूस आहे, बदलेल हळूहळू. बाई काही बदलल्या नाहीत. मनोज लांबून खुणा करायचा, संपत आलेल्या ग्लासाकडे बोट दाखवायचा, आणि बाई त्या टेबलावर जाऊन शांतपणे पाण्याचा तांब्या ठेवून यायच्या. एकदा तर त्याने फारच खुणा केल्या तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “मनोजराव, मान लचकली का? तेल चोळून देऊ?”

मग एका रविवारी दुपारी ते घडलं. भट्टी भरलेली होती. कोपऱ्यात पुंजाराम भाकरी कुस्करत होते, खिडकीशी मी होतो, मधल्या टेबलांवर बायकांच्या पहाऱ्यात मिस्टर मंडळी होती. मनोज काउंटरपाशी आला आणि हळू बोलायला गेला, पण घाईतल्या माणसाला हळू बोलता येत नाही. सगळ्यांना ऐकू गेलं.

“मॅम, मी खूप वेळा सांगितलं. आता शेवटचं. विचारणार असाल तर काउंटर तुमचा. नाहीतर एप्रन काढून आत कांदे चिरायला जा. राजू उभा राहील नळावर.”

राजू म्हणजे स्वयंपाकघरातला तव्यावरचा माणूस. तो दारात आला आणि बाईंकडे बघून तसाच मागच्या मागे आत गेला.

बाईंनी कागदाकडे पाहिलं. मनोजकडे पाहिलं. “कांदे चिरायला मला लाज नाही,” त्या म्हणाल्या. “काढते एप्रन. पण आत्ता नाही. पंगत बसलीय. पंगत बसलेली असताना वाढपी बदलत नाही. पंगत उठली की काढते. शब्द आहे माझा.”

“मॅम, ही पंगत नाहीये, हे रेस्टॉरंट आहे.”

“ताटं मांडलीत, माणसं जेवताहेत. अजून वेगळं काय असतं पंगतीत?”

कोपऱ्यातून पुंजारामांचा आवाज आला. कांद्याच्या लिलावात घडलेला आवाज तो, त्याला माइक लागत नाही. “मावशी, म्हंजे आमी उठलो की तुमी आत जानार?”

“हो.”

“मंग आमी उठतच नाय!” असं म्हणून त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि खुर्चीवर मांडी घातली. देवळ्याचा माणूस मांडी घालून बसला की त्याला उठवायला भाव वाढवून द्यावा लागतो.

पंगतीचा नियम मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि शेवटचा माणूस कोण, हे कुणीच ठरवेना. मिस्टर मंडळी एकेक शेंगदाणा सोलून, त्याचं साल वेगळं ठेवून, तो अर्धा अर्धा खाऊ लागली. एका बाईंनी पर्समधून विणकाम काढलं. मी भाकरीचा तुकडा इतका वेळ चघळला की तो गोड लागायला लागला. बाहेर गाड्या येऊन थांबत होत्या आणि जागा नाही म्हणून परत जात होत्या. आत एकही खुर्ची रिकामी नव्हती आणि एकही नळ वाहत नव्हता.

मनोजला घाम फुटला. तो स्वतः टेबलाटेबलावर फिरला. “सर, अजून एक आणू?”

“नको. पोट भरलं.”

“मग बिल?”

“छे, छे. जेवण व्हायचंय अजून.”

त्या दुपारी मनोजने तो नियम जितक्या वेळा पाळला तितक्या वेळा भट्टीच्या इतिहासात कुणी पाळला नसेल. एक ग्लास खपला नाही. शेवटी त्याने तृप्तीला फोन केला.

तृप्ती पिंपळगावहून आली ती मळ्यातल्याच कपड्यांत, बुटांना माती लागलेली. तिने भरलेल्या खुर्च्या पाहिल्या, कोरडे नळ पाहिले, मांडी घातलेले पुंजाराम पाहिले. मनोजने सगळं सांगितलं आणि खरंच सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. तृप्ती काउंटरशी जाऊन उभी राहिली. बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“मावशी,” तृप्ती म्हणाली, “नुसतं विचारायला काय जातं? ज्याला घ्यायचं तो घेईल, ज्याला नको तो नाही म्हणेल.”

भट्टीत विणकामाच्या सुया थांबल्या. मालकिणीला नाही म्हणणं म्हणजे नुसता काउंटर नाही, नोकरीच जायची, हे सगळ्यांना कळत होतं. बाईंनाही.

“तृप्ती, खरं सांग,” बाई म्हणाल्या. “माझ्या पाटावर मी ‘अजून एक वाढू?’ म्हटलं आणि तू नाही म्हणालीस असं कधी झालं?”

तृप्तीने जरा विचार केला. “नाही.”

“आणखी कुणी म्हणालं?”

“नाही.”

“म्हणूनच नाही विचारत. ह्या पोराने विचारलं तर लोक नको म्हणतात, ऐकलंस ना आत्ता. मी विचारलं तर हो म्हणतील. माझ्या हाताला ती खोड आहे. ती मी भाकरीपुरती ठेवलीय. ह्या नळावर ती चालवणार नाही. तुझी भट्टी आहे, तू मला काढ, नवसाबाई पेढे वाटेल. पण मी विचारणार नाही.”

तृप्ती तांब्यातलं घोटभर पाणी प्यायली. कॉलेजात असताना ती बाईंच्या खानावळीत आली तेव्हा काडीसारखी होती आणि पहिल्या दिवाळीला घरी गेली तेव्हा वडिलांनी स्टँडवर ओळखली नव्हती, हे पिंपळगावात सगळ्यांना ठाऊक आहे.

“मनोज,” ती म्हणाली, “तो कागद काढ.”

मनोजने कागद काढला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि एकदम आवाज चढवला. “मनोजराव, सकाळपासून पोटात काय आहे?”

“चहा.”

“बसा.”

“नाही मॅम, मला खरंच भूक…”

“बसा म्हणते ना.”

तो आतून स्टूल आणून पुंजारामांशेजारी बसला. बाईंनी स्वतः ताट आणलं. भाकरी, पिठलं, वर कच्च्या तेलाची धार. त्याने एक भाकरी संपवली. बाई दुसरी घेऊन उभ्या. तो नको म्हणाला, ताटावर आडवा हात धरला. भाकरी हातावरच पडली. ती संपली तेव्हा बाई तिसरी घेऊन आल्या. मनोज अक्षरशः हात जोडून म्हणाला, “मावशी, खरंच नको.” ‘मॅम’ कुठे पडली कुणास ठाऊक. त्याने तिसरी खाल्ली. सगळी पंगत त्याच्यासाठी थांबली होती आणि कुणालाच घाई नव्हती. तृप्ती मान हलवत होती, जणू म्हणत होती, कळलं ना आता?

मनोजने हात धुतले. पंगत उठली. पुंजारामांनी वहाणा घातल्या.

आणि ललिताबाईंनी एप्रनची गाठ सोडली.

“मावशी!” तृप्ती ओरडली. “अहो, ठरलं ना आता!”

“पंगत उठली की काढीन म्हणाले होते,” बाई म्हणाल्या. “शब्द म्हणजे शब्द.” त्यांनी एप्रन झटकला, घडी घातली आणि काउंटरवर ठेवला. मग त्या खाली वाकल्या, खणातून धुतलेला दुसरा एप्रन काढला आणि करकचून गाठ मारली.

“त्याच्यावर पिठलं सांडलं होतं,” त्या म्हणाल्या. “बसा, दुसरी पंगत. आणि तुम्ही काय बघताय खिडकीशी बसून? किल्ली कुठाय तुमची?”

मी किल्ली बरणीत टाकली. काहीही मागितलेलं नसताना.