युनूसने दाखवलेली सावली

युनूसची गोष्ट सांगायची म्हणजे मांडवाच्या खांबापासून सुरुवात करायला हवी. त्याची पहिली जीप आली होती तेव्हाची ही गोष्ट. दशरथच्या मुलीचं लग्न. नवऱ्याकडची मंडळी आणायला युनूस गेला होता. आम्हाला वाटलं, गाडी देवळापाशी थांबेल आणि तिथून नवरा वाजतगाजत येईल. पण युनूस कसला थांबतो! "माझ्या गाडीतला मानूस दारातच उतरंल," असं म्हणून त्याने जीप सरळ मांडवात घातली. कोपऱ्याचा खांब मोडला, कापड नवऱ्याच्या मामावर पडलं आणि मामा आतून ओरडायला लागला, "उतरवलास रं बाबा, उतरवलास! आता भायेर काढ!" नवरी बोहल्यावर हसत होती. असं लग्न पुन्हा काही गावात झालं नाही.

मी चांगो. युनूसच्या घराला लागूनच माझं घर. मधे फक्त एक कुंपण आणि शेवग्याचं झाड, त्याच्या शेंगा दोन्हीकडच्या आमटीत. शाळेत तो माझ्या मागे चार वर्षं होता. आमचं गाव खालापूर तालुक्यात, रेल्वे स्टेशनापासून गाडीने दहा मिनिटं. युनूस आयुष्यभर गाडीच चालवत आला. आधी जीप, मग टेंपो, आता सात माणसं बसतील अशी पांढरी गाडी. पण दारात उतरवायचा हट्ट तोच. पाय मोडलेल्याला त्याने दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेलं आहे, आणि कशेळ्याच्या बाजारातून आणलेली एक बकरी, तिच्या मालकिणीसकट, थेट गोठ्याच्या तोंडाशी उतरवली आहे.

त्याच्या बायकोचं नाव कमरजहाँ. आम्ही कमरभाभी म्हणायचो. बाई कमी बोलणारी, पण बोलली की समोरचा गप्प. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि चुकवायचं नाही. चुकलं तर पाणी फुप्फुसात चढतं. सेंटर पनवेलला, स्टेशनाच्या समोरच. सुरुवातीला युनूसने तिला दोनदा गाडीने नेलं. दुसऱ्यांदा हायवेला ट्रक उलटला होता, चार तास अडकले, भाभी दोन्ही वेळा ओकली आणि सेंटरवाल्यांनी नंबर दुसऱ्याला दिला. तेव्हापासून नऊ वीसची आगगाडी ठरली. मुलगी लायबा बरोबर जायची. युनूस दोघींना स्टेशनात पायरीला लागून उतरवायचा. तिथून बाकापर्यंत बत्तीस पावलं. भाभी मोजायची. "चांगोभाऊ, आज अठराव्याला दम लागला," असं मला संध्याकाळी कुंपणावरून सांगायची, जशी बाकीच्या बाया भाजीचा भाव सांगतात.

आता विमानतळाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच आलं.

नवा विमानतळ सुरू झाला आणि युनूसला काम आलं. आमच्याकडची कितीतरी मुलं आखातात आहेत. त्याचा पुतण्या अब्रार कतारला निघाला तेव्हा त्याला पोचवायला चौदा माणसं गेली. मीही होतो. आमच्याकडे माणूस परमुलखात निघाला की कुणी घरी बसत नाही. विमानतळाच्या दाराशी गाडी लागली. अब्रारच्या आईने त्याच्या दंडाला इमाम जामीन बांधायला घेतला, सुखरूप पोच म्हणून रुपया बांधलेली ती हिरवी पट्टी. गाठ बसेना. आजीने दुआ सुरू केली, ती लांबली. मावशीला रडू आलं. मीही, खोटं कशाला सांगू, दोन शब्द बोलायला उभा राहिलो. शिट्टीवाला येऊन म्हणाला, "चलो चलो, टाइम हो गया." युनूस म्हणाला, "आरं, पोराला निरोप देतायत, तुझं काय जातंय?" त्याचं काही जात नव्हतं. बाहेर पडताना आडव्या दांड्यापाशी पार्किंगच्या मशीनने पैसे आमच्याकडूनच काढले. दाराशी थांबायची मोफत मिनिटं कधीच संपली होती, आणि निरोपाचा दर भाड्याच्या निम्म्याला पोचला होता. येताना गाडीत आजी म्हणाली, "पुढच्या येळेला दुआ घरूनच करून येऊ."

युनूस हट्टाला पेटला. माणसं आणायला जायचं तर विमानतळावर ताटकळायचं नाही, एवढं त्याने ठरवलं. मग थांबायचं कुठे? रस्त्याकडेला पोलीस हुसकतात. तेव्हा त्याला आमचं स्टेशन सुचलं. स्टेशनासमोर मोठं मोकळं आवार, त्यात जांभळीची सात झाडं, गार सावली, नळ, संडास आणि हिरूची चहाची टपरी. तिथे गाडी लावून झोपायचं. विमान टेकलं की पाहुण्याचा फोन येतो. पाहुणा कागदपत्रं करून, बॅगा घेऊन बाहेर येईपर्यंत युनूस दारात हजर. एक मिनिट वाया नाही आणि मशीनला एक पैसा नाही.

एवढ्यावर थांबला असता तर तो युनूस कसला! त्याला सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. ड्रायव्हर लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, कर्जत, खोपोली, पार लोणावळ्यापर्यंतचे लोक त्यात. माझ्या ओट्यावर बसून त्याने बोलून निरोप पाठवला. "भावांनो, विमानतळावर पैसं नका घालवू. आमच्या स्टेशनात या. जांभळीची सावली हाय, हिरूचा चहा हाय. युनूसचाचाचं नाव सांगा, कोन काय बोलनार नाय." मी म्हणालो, "आरं, आमंत्रण पत्रिका छापून टाक." दोघंही पोट धरून हसलो.

लोक आले. आधी पाच गाड्या, मग वीस, होळीपर्यंत चाळीस. पुण्याकडच्याही येऊ लागल्या. हिरूने दुसरा स्टोव्ह घेतला. ड्रायव्हर युनूसला पाहिलं की उठून उभे राहायचे, "चाचा, जागा झकास दाखवलीत!" तो छाती काढून फिरायचा. भाभी एकदा गाडीतून म्हणाली, "लायबाचे अब्बा, पायरीला गाडी लागत नाय आता." तो म्हणाला, "लागंल गं, आपलीच पोरं हायत." आणि खरंच, तो हाक मारायचा आणि कुणीतरी गाडी मागे घ्यायचं.

मग रोजच्या प्रवाशांनी तक्रारी केल्या. रिक्षावाल्यांनी केल्या. त्यांचंही चूक नव्हतं. एप्रिलात आवाराला लोखंडी खांब लागले, एका बाजूला चर खणला, आणि जायला-यायला एकच तोंड ठेवलं. तोंडावर दांडा, मशीन, चिठ्ठी. पहिली काही मिनिटं मोफत, मग पैसे. अगदी विमानतळासारखं. रेल्वेवाल्यांना वाटलं असेल, गाड्या पळतील. पळाल्या नाहीत. तासाचा दर विमानतळापेक्षा कमी होता, तेवढाच त्यांना पुरला. आवार भरलं की मशीन दांडा उचलायचं नाही. आतली एक गाडी बाहेर आली की बाहेरची एक आत. रांग बाहेर रस्त्यावर, आणि त्याच रांगेत माणूस सोडायला आलेलेही.

स्टेशनात चाकांची खुर्ची होती. युनूसने विचारलं. ती फलाटासाठी आहे, आवाराबाहेर नेता येत नाही, असं उत्तर मिळालं. अर्ज दिला. अर्ज घेतला.

मग युनूस सातलाच निघू लागला. भाभी दीड-दोन तास रांगेत गाडीत बसायची, पाय सुजलेले, हातात पाण्याची छोटी बाटली. तिला दिवसाला मोजूनच पाणी होतं, म्हणून ती नुसते ओठ ओले करायची.

मे महिन्यातला तो शनिवार. आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांची विमानं होती, गाड्यांची रांग मुख्य रस्त्याला भिडली. सात वाजता निघूनही नऊला युनूसच्या पुढे सोळा गाड्या. तो उतरून दांड्यापाशी धावला. तिथे शेजारच्या गावचा नीलेश बसायचा.

"नीलेश, दांडा उचल रं. चाची हाय गाडीत."

"चाचा, हात माझा हाय, पन दांडा मशीनचा हाय. आतली एक निघाल्याबिगर उचलत नाय तो."

"मंग काढ एकाला!"

"कोनाला काढू? सगळे तुमचंच नाव सांगतात."

युनूस आत घुसला, ओरडला, दोघंतिघं गाडी काढायला उठलेही, पण बाहेर पडताना तोंडावरच एक मोठी गाडी चिठ्ठी हरवून अडली होती. नऊ दहा. फलाटापर्यंत अर्धा फर्लांग, तोही खडीवरून. भाभीच्या बत्तीस पावलांचा हिशेब तिथे कुठे पुरणार? तेव्हा गजाला सुचलं. गजा म्हणजे खोपोलीचा ड्रायव्हर, धिप्पाड, दिलाचा मोठा. रस्त्याकडेला कलिंगडवाल्याची हातगाडी होती. गजाने कलिंगडं खाली उतरवली, वर पोती टाकली, आणि युनूसने भाभीला उचलून हातगाडीवर बसवलं.

"नको," ती म्हणाली.

"गाडी चुकंल गं!"

चार ड्रायव्हरांनी हातगाडी ढकलली. पुढे एक जण ओरडत, "बाजू! बाजू! पेशंट हाय!" मागे लायबा फाइल घेऊन धावते. दांड्याच्या बगलेतून हातगाडी गेली, मशीनला कळलंही नाही. रांगेतले लोक उतरून बघायला लागले, कुणी फोन वर धरला. भाभीने ओढणी तोंडावर ओढली आणि दोन्ही हातांनी फळी धरली. खडीवर हातगाडी उडत होती. गार्डने पाहिलं, अर्धं मिनिट गाडी थांबवली. गजाने भाभीला डब्यात चढवलं. गाडी हलली आणि सगळ्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या.

संध्याकाळी युनूसने हे मला ओट्यावर बसून सांगितलं. हातवारे करून, मशीनचा आवाज काढून, गजाचं धावणं दाखवून. "हातगाडीला दांडा उचलावा लागत नाय, चांगोदादा! मशीन बघत राह्यलं!" मी हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. कुंपणापलीकडे भाभी खाटेवर पडलेली होती, ते मला दिसत होतं.

मंगळवारी सकाळी युनूस मला बोलवायला आला. त्याचा चेहरा उतरलेला. "ती उठत नाय. तू सांग."

मी गेलो. भाभी ओट्यावर बसली होती, पायांत चपला नव्हत्या. मी आपला नेहमीसारखा म्हणालो, "काय भाभी, आज सुट्टी?"

"चांगोभाऊ, शनिवारी तुमी हसलात ना?"

"हसलो," म्हणालो.

"त्यांनी टाळ्या वाजवल्या. मयत नेताना लोक गप तरी असतात."

युनूस म्हणाला, "कमर, मी गाडीनं नेतो पनवेलला. धंदा बंद करतो. पाच वाजता निघू."

"किती दिवस?"

"जेवढे लागतील तेवढे."

"म्हंजे मी मरेपर्यंत." ती हे रागाने बोलली नाही. "डॉक्टर बोलला ना, किडनी परत येत नाय. वर्षभर गेले मी. स्वतःच्या पायांनी गेले. आता नाय."

लायबा रडायला लागली. भाभीने तिला जवळ घेतलं. युनूस अंगणात जाऊन गाडीचं दार उघडून उभा राहिला, बराच वेळ, दार धरून. ती आली नाही.

गुरुवारी मशिदीतले मौलाना येऊन गेले. अब्रारचा कतारहून फोन आला. शाळेतल्या बाई आल्या. प्रत्येकाला तिने चहा द्यायला लावला आणि प्रत्येकाला नाही सांगितलं. मी पुन्हा गेलो तर म्हणाली, "तुमी नुसते बसा. मांडवाची गोष्ट सांगा." मी सांगितली. गोष्ट मामा कापडाखालून ओरडतो तिथे आली आणि भाभी हसली, पण हसण्याने दम लागला, मग मी पुढची सांगितली नाही. तिचा चेहरा सुजला होता, अंगठी बोटात रुतली होती. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि बाहेर येऊन युनूसला सांगितलं की अजून नेलं तर वेळ आहे. युनूस आत गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडं ठेव. माझ्या हातात असली तर उचलून नेईन मी तिला."

मला गाडी चालवता येत नाही. किल्ली मी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी तिला आडवं होता येईना. तीन उशा पाठीशी देऊन ओट्यावर बसवलं होतं. युनूस मागे बसून तिला धरून होता. श्वास घेताना आवाज येत होता, पाण्यातून यावा तसा. कुंपणापाशी मी उभा होतो.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"नऊ पंचवीस."

"गेली असंल गाडी."

"गेली."

"तुमी नाश्ता केलात का?"

त्याने केला नव्हता. तिने लायबाला हाक मारायचा प्रयत्न केला, आवाज निघाला नाही, म्हणून मी मारली. लायबाने चहा आणि पाव आणला. भाभीच्या समोर युनूसने पाव चहात बुडवून खाल्ला, सगळा, एकेक घास, कारण ती बघत होती. दुपारच्या अजानच्या जरा आधी ती गेली. कप तोवर ओट्यावरच होता.