दादाचा दिवा

सांगलीच्या पेठेत मुकादम म्हटला की त्याच्या हातात छडी असायची आणि तोंडात शिवी. नाथाजीकडे दोन्ही नव्हतं. हळदीच्या शेठनं हौसेनं बांधलेला तांबडा पटका तेवढा होता, आणि त्या पटक्यानं तो टोळीतल्या गड्यांच्या पाठीवरची हळद पुसायचा. बाकीचे मुकादम हसायचे. एकानं तर तोंडावर विचारलं, "मुकादम हाईस का मोलकरीण रं?"

"घर म्हटलं की दोनी लागत्यात गड्या," नाथाजी म्हणाला, आणि पुढच्या पोत्याला हात घातला.

नाथाजी मूळचा उंब्रजचा. थोरल्या भावाचं बोट धरून तो सांगलीत हमालीला आला आणि इथलाच होऊन गेला. टोळीचं काम हळदीच्या पेवांवर. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. हरिपूरच्या वाटेवर अशी कैक पेवं होती. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड आणि आत खोलीएवढं पोट. कडेनं उसाचा पाला लावून त्यात हळद भरायची, वरून दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षं गेली तरी त्या हळदीला कीड लागत नाही. लागणार कशी? बंद पेवात कीड जगतच नाही. आणि जिथं कीड जगत नाही तिथं माणूस काय जगणार, हे नाथाजीला ठाऊक होतं. टोळीला ठाऊक नव्हतं, आणि ते नाथाजीनंच ठाऊक होऊ दिलेलं नव्हतं.

त्याला कारण होतं. त्याचा थोरला भाऊ, लालासाहेब, अशाच एका पेवात उतरला तो वर आलाच नाही. आतल्या कोंडलेल्या हवेनं त्याला उभ्या उभ्या खाल्लं. ते बघून तेव्हाची टोळी जी पळाली ती त्या हंगामात परतलीच नाही, आणि गड्यांच्या घरी चुली थंड पडल्या. पुढं नाथाजी स्वतः मुकादम झाला तेव्हा त्यानं मनाशी गाठ मारली, की भ्यायचं ते आपण एकट्यानं. पोरंबाळं असलेल्या गड्यांच्या डोक्यावर हे ओझं कशाला?

म्हणून त्यानं एक रीत पाडली. पेव उघडलं की टोळीला लांब बसवायचं, कंदील पेटवून दोरीनं हळूहळू आत सोडायचा आणि हात जोडून म्हणायचं, "आई, लेकरू येतंय." कंदील विझला की तो मागं वळून सांगे, "आईची मर्जी न्हाई. बसा, तंबाकू खावा." जळत राहिला की आधी स्वतः उतरे, आत सगळीकडं फिरून बघे, मग बाकीच्यांना हाक मारी. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी वर येई तोही तोच. टोळीची खात्री झाली, की पेवाच्या पोटात देवी बसली आहे आणि तिला दिवा दाखवण्याचा मान मुकादमाचा. त्या कंदिलाला दुसरा कुणी बोट लावत नसे. ते दिवस लढाईचे होते आणि रॉकेलसाठी मारामार होती. नाथाजीची बायको रंगूबाई चुलीच्या उजेडात भाकऱ्या थापायची, पण पेवावरचा कंदील कधी कोरडा राहिला नाही.

"देवीला उजेड आन् मला अंधार!" रंगूबाई कुरकुरायची. तिलाही त्यानं खरं सांगितलेलं नव्हतं.

टोळीत बिराप्पा म्हणून एक गडी होता. जतकडचा, अर्धं कानडी बोलणारा, अंगानं रेड्यासारखा दणकट. दुष्काळात बायकोला, दगडाबाईला, घेऊन तो सांगलीत आला तेव्हा नाथाजीनं दोघांना आपल्या पडवीत जागा दिली. पुढं बिराप्पा तापानं अंथरुणाला खिळला, तर त्याच्या वाटणीची पोती नाथाजीनं स्वतःच्या पाठीवर वाहिली आणि त्याची जागा कुणाला दिली नाही. बिराप्पा बोलून दाखवणारा माणूस नव्हता. पण नाथाजीच्या वहाणा कुठं दिसल्या तर गुपचूप उचलून सावलीत ठेवायचा.

त्या माघात नाथाजीचा खोकला बळावला. एका दुपारी पेवातून वर येताना त्याला मध्येच धाप लागली आणि दोघांनी धरून ओढून घ्यावं लागलं. तो बाहेर आला आणि तसाच मातीत बसून राहिला.

"दादा, आता तुमी खाली उतरू नगासा," बिराप्पा म्हणाला. "वर बसून हुकूम सोडा की."

"हुकमाला तोंड लागतंय, उतरायला पाय. माझं पाय अजून हायत रं," नाथाजी खोकत खोकत हसला.

ते पेव अर्धंच रिकामं झालं होतं. रात्री दव पडतं म्हणून तोंडावर फळी घातली, पोती टाकली, कडेनं ओली माती दाबली आणि सगळे आपापल्या घरी गेले. घरी आल्यावर बिराप्पानं रंगूबाईला बाजूला घेतलं. "वैनी, उद्या दादाला जरा उशिरानं सोडा. त्यांनी यायच्या आत आमी पेव मोकळं करून टाकतू. म्हंजी उतरायचं कामच ऱ्हायलं न्हाई." रंगूबाईला ते मनापासून पटलं. तिला तर वाटलं, एवढ्या वर्षांत तिच्या धन्याची काळजी करणारं कुणीतरी निघालं.

सकाळी तिनं गरम भाकरी दुधात कुस्करून पुढं ठेवली. वर आणखी अर्धी आग्रहानं वाढली. नाथाजी खूश होऊन सावकाश जेवला. नंतर मरेपर्यंत त्यानं दूध-भाकरीला हात लावला नाही.

कंदील घेऊन तो पेवावर पोचला तेव्हा टोळी तोंडाशी गर्दी करून ओरडत होती. "बिराप्पा! ए बिराप्पा!" आतून ओ येत नव्हती. टोळीतला जोतिबा कमरेला दोरी गुंडाळून आत पाय सोडायच्या बेतात होता. नाथाजीनं त्याला खसकन मागं ओढलं, तरी तो ऐकेना, तेव्हा फाडकन मुस्काटात दिली. इतक्या वर्षांत त्यानं कुणावर हात उचलल्याची ती पहिली वेळ. जोतिबा गाल धरून बघतच राहिला.

"दिवा दावला व्हता का?" नाथाजीनं विचारलं.

"न्हाई दादा. त्यो मान तुमचा," जोतिबा रडत म्हणाला. "बिराप्पा म्हणला, आईनं काल होकार दिलाय, आज पुन्यांदा कशाला इचारायचं? आन् दादाच्या कंदिलाला आपुन कसा हात लावायचा?"

नाथाजीनं कंदील पेटवून आत सोडला. पुरता आत जायच्या आधीच तो विझला.

मग त्यानं जे करायला लावलं त्याचा अर्थ टोळीला कळेना. लिंबाच्या डहाळ्या दोरीला बांधून वरखाली करायच्या, घोंगडी पंख्यासारखी मारायची, थांबायचं नाही. खाली बिराप्पा पडलेला आणि वर हा माणूस कुणाला उतरू देईना, स्वतःही उतरेना. पुन्हा कंदील सोडला, पुन्हा विझला. नाथाजीनं आयुष्यात पुष्कळ ओझी उचलली, पण ते थांबणं त्याला पेललं नाही. तो ओठ चावत होता आणि हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. शेवटी ज्योत तग धरून राहिली, तेव्हा तोंडाला ओला पटका बांधून तो उतरला.

बिराप्पा हळदीच्या राशीवर उताणा पडला होता. तोंड, छाती, हात सगळं पिवळं झालेलं, हळद लावून बसवलेल्या नवरदेवासारखं. नाथाजीनं त्याला दोरी बांधली आणि वर पाठवलं. त्या दिवशीही वर येणारा शेवटचा माणूस तोच होता.

गावानं एका दिवसात निकाल लावला. देवीचा कोप झाला. दिवा न दाखवता उतरला, मुकादमाचा मान मोडला, भोगलं. शेठनं पेवाच्या तोंडाशी नारळ फोडायला लावला. टोळी नाथाजीच्या पाया पडायला लागली, की देवीला ओळखणारा माणूस एवढा एकच. दगडाबाई पडवीत भिंतीला टेकून बसलेली असे, आणि भेटायला येणाऱ्या बायका तिच्या तोंडावर बोलत, "मस्ती नडली गं तुझ्या नवऱ्याला."

नाथाजी हे ऐकत होता. गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसला असता तर पटकाही राहिला असता आणि मानही, उलट दुप्पट झाला असता. पण ज्यानं त्याच्या पायांची काळजी केली तोच आता मस्तवाल आणि पापी ठरत होता. दहाव्याला टोळी जमली तेव्हा तो उठून उभा राहिला.

"पेवात देवी न्हाई," तो म्हणाला. "आत वाईट हवा असतीया. दिवा इझला तर माणूस मरतंय, म्हणून दिवा सोडायचा. पेव रातभर जरी झाकलं तरी ती पुन्ना भरतीया. माझा लालादादा तसाच मेला. मला ठावं व्हतं. तुमी भ्याला असता, म्हणून म्या देवी सांगितली. बिराप्पानं कुणाचा मान मोडला न्हाई. त्यानं माझा मान राखला, म्हणून गेला त्यो."

दगडाबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

"मंग त्यास्नी का न्हाई सांगितलंसा?"

तुमच्यासाठीच लपवलं, हे नाथाजीनं तिला सांगायचं कुठल्या तोंडानं? सगळ्यांचं ओझं एकट्यानं वाहण्यात त्याला एक गोडी लागली होती, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तो लहान पोरासारखा हमसून रडला.

त्यानं पटका शेठच्या पायरीवर नेऊन ठेवला. मुकादमकी जोतिबाकडे गेली. नाथाजी मात्र त्याच टोळीत साधा हमाल म्हणून राहिला. पण त्याआधी त्यानं एकेका गड्याच्या हातात कंदील दिला, दोरी दिली, आणि विझणं म्हणजे काय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावलं. दोघे गडी भिऊन टोळी सोडून गेले. बाकीचे राहिले.

पुढच्या हंगामात दगडाबाई हळद निवडायला टोळीत आली. नाथाजीशी ती बोलत नसे. पहिलं पेव उघडलं तेव्हा तिनं कुणाला न विचारता कंदील उचलला, पेटवला आणि आत सोडला. ओणवी होऊन ती ज्योतीकडं बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "जळतोय! उतरा!"

तेव्हापासून ते काम तिचंच झालं. दर वेळी तेच शब्द, तोच आवाज. गडी पटापट उतरायचे. नाथाजीचे पाय मात्र ते ऐकलं की पेवाच्या तोंडाशी अडखळायचे. एवढंच तर त्यानं बिराप्पाला सांगायचं होतं.