चिंधी सोडलेला दुधी

कराडहून निघालेली एस.टी. खाडीपूल उतरली आणि वाहकाने मानखुर्द आल्याचे सांगितले. मी घाईघाईने उतरलो तो नेमका गटारात पाय. चप्पल कशीबशी ओढून काढली. मुंबईने स्वागत तर झकास केले.

मी आलो होतो एक बाग पाहायला. आमच्या शाळेच्या पटांगणात एक छोटा विनोदी चित्रपट दाखवला होता. धरणात गाव गेलेली माणसे मुंबईच्या कडेला पत्र्याच्या घरांत राहतात आणि पडीक जागेत सगळे मिळून भाजीपाला पिकवतात, अशी गोष्ट. चित्रपटात त्यांना निर्वासित म्हटले होते. माणसे खरी, बागही खरी. शेवटी एक म्हातारा हातभर लांब दुधी कापतो आणि तान्ह्या पोरासारखा खांद्यावर घेऊन नाचतो. मी पोट धरून हसलो होतो. त्या म्हाताऱ्याला भेटावे, एवढाच बेत.

देवनारच्या कचऱ्याचा धूर नाकात जात होता. विचारत विचारत वस्ती सापडली. बाग म्हणजे घरांमागची एक चिंचोळी पट्टी. नळाचे सांडपाणी पाटाने फिरवलेले, त्यावर अळू, मिरच्या, वालाचा मांडव. म्हाताऱ्याची बायको शांताबाई मिरच्या तोडत होती. गावाकडचा मास्तर म्हटल्यावर तिने घरी नेऊन भाकरी वाढली, वर दुधीची भाजी.

"बाजारच्या बियाचा हाय. पानचट लागंल," ती म्हणाली.

मी आपला चित्रपटातल्या दुधीची तारीफ करत सुटलो. मग तिने सांगितले.

गाव सोडताना परसातल्या दुधीचे बी तिने पदराला बांधून आणले होते. दरसाल एक फळ बियाला राखायचे (वेलावरच पिकून वाळू द्यायचे) आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. चिंधीच्या फळाला बागेत कुणी हात लावत नसे. त्या वर्षी साठवणीच्या बियांवर उंदीर पडले. उरलेल्या चार बियांतून एकच वेल जगला. त्यावरच्या चिंधीच्या फळावर सगळी भिस्त होती. चित्रपटवाल्यांना ती चिंधी खुपली, त्यांनी सोडून टाकली. शांताबाई तेव्हा नळावर गेली होती. तिचा नवरा गणपतराव पहारेकऱ्याची पाळी संपवून आले, तर त्यांना सांगितले, मोठा दुधी कापा आणि नाचा. चिंधी नाही म्हणून त्यांनी कापला. आतले बी कोवळे, पाण्यासारखे. त्या वेलाला पुन्हा फळ धरले नाही.

गणपतराव दारात बसून होते. नाचणारा माणूस तो हाच, हे मला पटेना. ते म्हणाले, "मास्तर, चिंधी असती तर माझा हात गेला नसता." त्या दिवसापासून त्यांनी बागेत पाय टाकलेला नाही.

निघताना शांताबाईने विचारले, "तिकडं कुणापाशी असंल का वो आमच्या गावचं बी?" बघतो, म्हणालो.

परतल्यावर धरणाच्या काठाने खरोखर हिंडलो. दुधीचे बी पुष्कळांनी दिले, पण त्या गावचे कुणाकडेच नव्हते. ते परस पाण्याखाली आहे आणि शांताबाईला पत्रात काय लिहावे ते मला सुचत नाही. मी हसलो होतो, याची लाज वाटते.

मागच्या आठवड्यात शाळेने तोच चित्रपट पुन्हा मागवला. मधल्या एका प्रसंगात मांडवाच्या कोपऱ्यात लाल चिंधी दिसली. पहिल्या वेळी मी ती पाहिलीच नव्हती. पुढच्या प्रसंगात ती नव्हती. गणपतराव विळा घेऊन आले. शेजारी बसलेल्या हेडमास्तरांनी मला कोपराने ढोसले आणि म्हणाले, "आता बघा, खरी गंमत आता आहे."