हिल्काला कॉफी आवडली तेव्हा

आमच्या फिनलंडच्या खेड्यात बाईने कॉफी नाकारली, की शेजारणी टोपडं विणायला घेतात. टपाल वाटणाऱ्या हिल्काचा गर्भ दोनदा पडला होता, म्हणून या वेळी तीन महिने होईपर्यंत ती कुणाला सांगणार नव्हती. पण कॉफीचा वास आला, की तिला उलटी यायची.

"पित्त झालंय हो, आउनेकाकू."

"हो तर! नऊ महिन्यांचं पित्त!" म्हातारी शेजारीण आउने डोळा मारायची.

आज मात्र हिल्काने कप पुढे केला. "काकू, वास छान येतोय. मळमळ कालपासून नाहीच." पण कप भरायच्या आतच तिने तो खाली ठेवला. "मागे दोन्ही वेळा असंच थांबलं होतं."

"कधी कधी उगाचही थांबतं गं," आउने म्हणाली. पण गाडीची किल्ली तिच्या हातात आली होती.