स्टेलानच्या घरातलं घड्याळ

माझा मेहुणा स्टेलान नदीपलीकडे स्वीडनमध्ये राहतो, पण त्याचं स्वयंपाकघर अकरा वर्षं फिनलंडमध्ये होतं. हसू नका! इकडे फिनलंडमध्ये आमच्या तोर्नियोत तीन वाजतात तेव्हा पलीकडे त्याच्या हापरांदात दोन वाजलेले असतात. त्याची मुलगी, माझी भाची वेन्ला सहा वर्षांची असताना आमच्या क्लबात आइस हॉकी शिकायला आली, ती पहिल्याच दिवशी तासभर उशिरा. ढसाढसा रडली. घरी जाऊन ह्या बाबानं भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे केलं. तेव्हापासून जेवण, झोप, सगळं आमच्या वेळेवर. शेजारी म्हणायचे, खुळावलाय.

यंदा वेन्ला सतरा वर्षांची झाली आणि दोन्ही देशांच्या संघांनी तिला बोलावलं. मोठ्या स्पर्धेत एकदा एका देशाची जर्सी घातली की माघारी फिरणं जवळजवळ नाहीच. स्टेलान तरुणपणी स्वीडनकडून एकच सामना खेळला होता. ती पिवळी जर्सी अजून कपाटात आहे. मी स्केटना धार लावत होतो, तेव्हा पोरगी हळूच म्हणाली, "मामा, मी स्वीडनला हो म्हणते. बाबा बोलत नाही, पण त्याला किती वाटत असेल!"

"आणि तुला काय वाटतं?"

तिनं दुसरा स्केट माझ्या पुढ्यात सरकवला. न बोलणाऱ्या स्टेलानचा मला असा राग आला! पण मामा पडलो, बोलणार काय?

गोठलेल्या नदीवरून आम्ही दोघं त्याच्याकडे निघालो. धुकं निळसर होतं, काठ दिसेना, सीमा कुठे ते कळेना. झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. ह्याच बर्फावर स्टेलान दर हिवाळ्यात फावड्यानं तिच्यासाठी मैदान साफ करायचा.

त्यानं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून दिले. कुठल्या देशाकडून खेळणार ते लिहून पाठवायचा कागद वेन्लानं पुढे ओढला.

"किती वाजले गं?" त्यानं विचारलं.

"तीन," ती मान वर न करताच म्हणाली.

"हापरांदात?"

तिनं मान वर केली. मग म्हणाली, "दोन."

"आधी जे तोंडातून आलं, तेच लिही. माझ्यासाठी म्हणून खेळलीस तर गोल चुकवशील, गाढवे."

तिनं फिनलंड लिहिलं आणि त्याच्या गळ्यात पडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

ती शिबिराला गेली त्या दिवशी स्टेलान स्टुलावर चढला आणि त्यानं घड्याळ पुन्हा तासभर मागे केलं. जेवायची वेळ झालीच होती, ती आता तासभर लांबली. त्या तासाचं काय करायचं, त्याला सुचेना. शेवटी फावडं घेऊन नदीवर गेला आणि रिकामं मैदान साफ करत राहिला.