वकीलकाकांची लाल चिंधी

जमिनीकडे बघत चालणारा एवढा मोठा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात दुसरा झाला नसेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे वकीलकाका अपघातांचे खटले चालवत. कोणाला ट्रकने उडवलेले, कोणाच्या अंगावर विजेची तार पडलेली, कोणाचा हात बोईसरच्या कारखान्यात गेलेला. अशी माणसे रोज पाहून त्यांची नजरच तशी झाली होती. लोकांना रस्ता दिसे, काकांना त्यातला खड्डा दिसे. कोटाच्या खिशात लाल चिंध्या असत. उघडे गटार, वाकलेला खांब, लोंबती तार, जिथे धोका दिसेल तिथे काका चिंधी बांधून पुढे जात. चिंधी दिसली की लोक म्हणत, "वकील येऊन गेले वाटतं." चिंध्या कुठून येतात हे काकूंनी एकदा भर हळदीकुंकवात सांगितले, "माझे परकर सगळ्या पालघरभर लटकताहेत!"

लग्नाला गेले की आधी मांडवाचा बांबू हलवून बघत. एकदा मंगलाष्टके चालू असताना असा हलवला की वरची झालर भटजींच्या डोक्यावर आली. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला विचारत, "ब्रेक लागतात ना?" एक ड्रायव्हर म्हणाला, "लागतात म्हणून तर मीही बसलोय." मुरबे गावच्या एक मावशी बाजारात मासळीचे पाणी रस्त्यावर ओतत. काका रोज थांबून म्हणत, "कोणीतरी घसरेल, आणि मग तुम्ही माझ्याच दारात याल." मावशी टोपलीवरून हात न उचलता म्हणत, "आदी बांगडे घ्या वकील, मंग घसरा! रिकाम्या हाती घसरून काय मिलनार हाय?" काका बांगडे घेत आणि जाताना टोपलीच्या कडेला चिंधी बांधत. मावशींनी ती कधी सोडली नाही. गिऱ्हाइकाला लांबूनच माझी टोपली ओळखू येते, म्हणत.

आणि या माणसाच्या स्वतःच्या घराची पहिली पायरी डुगडुगत होती. अशिलांपैकी तिच्यावर अडखळला नाही असा कोणी नसेल. आतून काकांचा आवाज येई, "सांभाळा! दुरुस्त करायची आहे ती."

माझी आईही त्या पायरीवर अडखळूनच आत गेली होती. आम्ही मूळ मासवणचे. माझा थोरला भाऊ बोईसरच्या एका कारखान्यात पत्रे कापायच्या प्रेसवर होता. त्याच्या पगारावर घर चाले आणि माझे कॉलेजही. दसरा होऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा प्रेसमध्ये दादाच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. कारखान्याच्या शेठचे म्हणणे असे की मशीनवरची संरक्षक जाळी दादाने त्या सकाळी स्वतःच काढली, काम लवकर उरकावे म्हणून. तसे ठरले असते तर भरपाई नाही, नोकरी नाही आणि वर कपाळावर ठपका. आई काकांना म्हणाली, "माज्या पोराचा हात गेला नि वर त्यालाच खोटा पाडला, वकीलसाहेब. हाय का न्याय?" काकांनी दादाचा पट्टी बांधलेला हात नीट पाहिला. मग म्हणाले, "मला ते मशीन दाखवा."

काका मिटवामिटवीला आले असे समजून शेठनी आम्हाला सरळ आत घेतले. काकांनी सवयीप्रमाणे खाली बघत प्रेसला चक्कर मारली आणि एका जागी चक्क उकिडवे बसले. मशीनच्या कडेला कुंकवाचा स्वस्तिक होता. त्यावर दसऱ्याच्या अक्षता अजून चिकटलेल्या होत्या.

"शेठ, पूजा कोणी केली?"

"मी स्वतः. दर दसऱ्याला माझ्याच हातानं करतो," शेठ अभिमानाने म्हणाले.

"छान. आता जरा ती जाळी बसवून दाखवता?"

फिटरने जाळी आणून बसवली. तिची लोखंडी पट्टी बरोबर स्वस्तिकावर बसली आणि कुंकू दिसेनासे झाले. जाळी काढली तेव्हा अक्षता भुग्यासारख्या खाली पडल्या. स्वस्तिकही फिसकटला होता.

काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही कुंकू लावलंत तेव्हा जाळी नव्हती. आणि त्यानंतर ती आज पहिल्यांदाच बसली. मग या पोरानं त्या सकाळी काढली ती कोणती?"

शेजारच्या मशीनवरचा एक बिहारी कामगार इतके दिवस गप्प होता. तो खाली मान घालून म्हणाला, "दशहरे में धोने के लिए निकाली थी साब. फिर किसी ने लगाई ही नहीं." पुढे ठाण्याला सुनावणीतही तो हेच बोलला. दादाला भरपाई मिळाली, त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून करायचे काम मिळाले आणि मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिला. त्या दिवशी मशीनपाशी उकिडव्या बसलेल्या काकांकडे बघताना मला जे वाटले, ते पुढे देवळातही क्वचित वाटले.

आजही दादा दसऱ्याला सगळ्या मशीनवर आधी जाळ्या बसवून घेतो आणि मगच कुंकू लावू देतो. तेही जाळीवर.

काका गेले ते दुपारच्या झोपेत. ज्याच्यावर खटला भरता येईल असे कोणीच नव्हते. भेटायला माणसांची रीघ लागली, आणि येणारा प्रत्येक जण त्या पायरीवर अडखळत होता. आतून "सांभाळा" म्हणणारे कोणी नव्हते. दादाने काकूंकडे काहीतरी मागितले. त्या आत जाऊन परकराची एक लाल पट्टी फाडून घेऊन आल्या. दादा पायरीपाशी उकिडवा बसला आणि शेजारच्या खांबाला ती बांधू लागला. उरलेल्या बोटांनी त्याला गाठ जमेना. मी वाकलो, तर म्हणाला, "राहू दे. ही मी बांधतो."

आम्ही सगळे रस्त्यातच थांबलो. गाठ नीट बसेपर्यंत कोणी आत गेले नाही.